डाव्या कप्प्यातले वण

५ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब,

कागदावर पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. ईमेल पाठवली तर तुझी सेक्रेटरी उत्तर देते, "सर प्रवासात आहेत." गेली दोन वर्षं सर प्रवासातच आहेत. कुरिअर घ्यायला सही लागते, म्हणून कुरिअर. निदान नंतर "मला मिळालंच नाही" असं म्हणायची सोय तुला राहणार नाही.

मुद्द्यावर येते. बाबा म्हणाले की तू त्यांचं तिसरं ॲब्लेशन करणार आहेस. म्हणाले म्हणजे काय, त्यांच्या तोंडून निसटलं. आम्ही जिना चढत होतो. मधल्या वळणावर ते थांबले, कठडा धरून उभे राहिले आणि धापा टाकत मलाच धीर दिला, "आता थोडेच दिवस. राजे परत एकदा इंजिन उघडणार आहेत." एवढं होऊनही तू अजून राजेच. मी मात्र "अगं ए". तरी बरं, त्यांना दवाखान्यात न्यायला-आणायला अगं एच लागते.

पहिल्या वेळी तू त्यांच्या हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात नळी घालून ठोके बिघडवणाऱ्या जागा जाळल्यास, तेव्हा मी काही बोलले नाही. ते योग्यच होतं आणि त्यांना वर्षभर छान गेलं. ठोके पुन्हा बिघडले, तेव्हा मी एवढंच म्हटलं की दुसऱ्यांदा जाळण्याआधी एक एमआरआय करू, भिंतीवर किती वण आहेत ते पाहू आणि मग ठरवू. हृदयाचे एमआरआय वाचणं हाच माझा धंदा आहे, मी काही पत्रिका बघून सांगत नव्हते. तू सगळ्या टीमसमोर हसत म्हणालास, "ताई, फोटो काढणाऱ्यांनी फोटो काढावेत." तुझी ती टीम पोट धरून हसली. साहेब हसले की हसायचं, एवढं शिक्षण तुझ्याकडे सगळ्यांचं पक्कं झालेलं दिसतं.

तुझ्या हॉस्पिटलच्या दारातलं ते पोस्टर मी पाहिलं आहे. तू पांढऱ्या कोटात हाताची घडी घालून, बाबा शेजारी खुर्चीत, आणि खाली टपोऱ्या अक्षरांत, "माझ्या मुलाने माझं हृदय ताळ्यावर आणलं." आता त्याच माणसाचे ठोके पुन्हा बेताल झाले म्हणजे किती लाजिरवाणं, नाही का? पोस्टरवरचा पेशंट बरा राहिलाच पाहिजे.

बाबांकडून तुमच्या हॉस्पिटलची फाइल मागून घेतली. आत तुमच्या एमआरआयचा रिपोर्ट आहे. "डाव्या कप्प्यातील वण आठ टक्के. पुढील उपचारास अनुकूल." अरे शहाण्या, तू दोनदा जाळलं आहेस. नुसते तुझ्या हातचे वण मोजले तरी आठ टक्क्यांच्या पुढे जातील. ते गेले कुठे? कोणी ओल्या फडक्याने पुसून घेतले का?

मी त्यांचा एमआरआय इथे करते आहे. तुझी परवानगी मागत नाही, फक्त कळवते आहे.

ताई


१२ फेब्रुवारी

श्री. पोस्टरवाले यांस,

एमआरआय झाला. कसा झाला तेही सांगते, म्हणजे "घाईत उरकला" असं म्हणायला तुला जागा नको.

मूत्रपिंडाची तपासणी आधी करून घेतली, मग शिरेतून ते औषध दिलं. पुढचं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण हल्ली तू माहीत असलेल्या गोष्टीच विसरतोस. धडधाकट स्नायूतून औषध थोड्या वेळात धुऊन जातं, वणात मात्र अडकून राहतं. म्हणून थांबायचं, आणि मग चित्रं घ्यायची. स्नायू काळा दिसतो, वण पांढरा. त्या कप्प्याची भिंत दोन-तीन मिलिमीटरची, त्यामुळे पेशंट जरा हलला की सगळं फिसकटतं.

आणि पेशंट आपले बाबा. आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली, त्यामुळे कोणत्याही यंत्रात बसलं की सूचना आपणच द्यायच्या हा त्यांचा समज. टेक्निशियनने माइकवरून सांगितलं, "आजोबा, श्वास एका लयीत घ्या. बोलू नका." आतून उत्तर आलं, "बोलत नाहीये." पहिला प्रयत्न तिथेच वाया गेला. दुसऱ्या वेळी मशीनचा आवाज सुरू झाल्यावर म्हणाले, "तुमच्या या गाडीचा बेल्ट सैल झालाय, बघून घ्या." ठोके तर असे बेताल की चित्र नेमकं कधी टिपायचं ते मशीनला कळेना. तिसऱ्यांदा मी स्वतः आत जाऊन दम दिला, तेव्हा कुठे गप्प पडून राहिले. चित्रं स्वच्छ आली आहेत. सोबत पाठवली आहेत.

त्यांच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग वण आहे. मागची भिंत तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पांढरी. तिथे जाळायला आता काय उरलंय, तूच सांग. वणाची भिंत ताणली जात नाही. कप्पा ताणला गेला नाही की रक्त मागे फुफ्फुसांकडे तुंबतं आणि माणसाला जिन्याच्या वळणावर कठडा धरावा लागतो. बेताल ठोक्यांनीही दम लागतो, ते मी नाकारत नाही. पण सगळं खापर ठोक्यांवर फोडून तू नामानिराळा राहू नकोस. आणखी जाळलंस तर ठोके सुधारण्याची शक्यता फार थोडी आहे, आणि उरलासुरला स्नायू जाऊन हा माणूस बसल्या जागी धापा टाकायला लागण्याची शक्यता बरीच आहे.

आता तुमच्या आठ टक्क्यांविषयी. फाइलमध्ये सीडी होती. मी ती चित्रं उघडून बघितली. चित्रं उत्तम आहेत, मशीन तर माझ्याकडच्याहून दोन पिढ्या नवीन. घोळ चित्रांत नाही, वाचणाऱ्यांत आहे. पांढरं म्हणजे किती पांढरं हे सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाही. भिंतीतला एक निरोगी तुकडा दाखवून त्याला सांगावं लागतं, हा चांगला, याच्याहून उजळ दिसेल तो वण. तुमच्याकडे निरोगी म्हणून कोणता तुकडा दाखवला आहे? मागच्या भिंतीचा मधला. म्हणजे तू जाळलेला. दोनदा!

मग दुसरं काय होणार? त्या जळक्या तुकड्याशी ताडून पाहिल्यावर बाकीची सगळी भिंत निरोगीच ठरणार. त्याच्याहूनही पांढरं जे काही थोडंफार सापडलं, ते तुमचे आठ टक्के. मी तुमच्याच चित्रांत दुसऱ्या जागचा तुकडा घेऊन पाहिला. आकडा माझ्या आकड्याला लागून आला. पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या मुलीने ही चूक केली तर मी तिला खोलीबाहेर उभी करते. तुमच्याकडे अशा रिपोर्टवर शिक्का मारून पेशंटला टेबलावर घेतात.

उत्तराची वाट बघते आहे. सेक्रेटरीच्या नव्हे.

ताई


१९ फेब्रुवारी

सर,

आपलं पत्र पोचलं. उणीपुरी चार वाक्यं. "ताई, तुझं मशीन जुनं आहे आणि तुझा राग त्याहून जुना. शनिवारी भरती. बाबांची संमती आहे. तू मध्ये पडू नकोस." पहिलं वाक्य छान जमलं आहे. लहानपणीही निबंध चांगला लिहायचास, गणितात मार खायचास.

चित्रांबद्दल एक अक्षर नाही. तुकड्याबद्दल नाही. माझ्या रागावर मात्र मत दिलंस. माझा राग कोणाच्या हृदयात नळी घालत नाही, डॉक्टर.

तुझ्या आधी तुझ्याकडच्या ज्युनिअरचा फोन आला, कप्प्याची बाह्यरेषा आखणाऱ्या मुलीचा. आवाज दबका, बहुतेक जिन्यात उभी राहून बोलत होती. माझ्या पत्रातली चित्रं तू टेबलावर टाकून गेलास, ती तिने पाहिली.

"मॅडम, मी आधी दुसराच तुकडा घेतला होता," ती म्हणाली. "सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, तो कशाला, मागची भिंत घे. तिथून आता काही कुरकुर येत नाही, सगळ्यात छान भाग आहे तो."

"मग तू काय म्हणालीस?"

"मॅडम, सरांना कोण काय म्हणणार?"

मला तिचा रागही आला नाही. राग तुझा आला, आणि त्याच्या जोडीला कीव. तुझ्या नळीला तिथे विजेची हालचाल लागत नाही म्हणून तो भाग छान! अरे, तिथला स्नायू मेलाय म्हणून कुरकुर येत नाही. मेलेल्या माणसाचीही तक्रार नसते, म्हणून त्याला कोणी तब्येतीचा नमुना म्हणून दाखवत नाही. पण तू हात लावलेला भाग वाईट कसा असेल? तुझ्या कामाचा डाग तुलाच दिसेना आणि बाकी सगळ्यांना मोजायचं माप तोच. याला अज्ञान म्हणतात असं मला वाटत नाही. तू अडाणी असतास तर मी शांत राहिले असते.

असो. तुझ्याशी बोलून उपयोग नाही म्हटल्यावर मी बाबांशी बोलले. काल दुपारी चित्रांचे प्रिंट घेऊन गेले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. त्यांनी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला.

"हे पांढरं म्हणजे काय?"

"वण."

"एवढे सगळे?"

"हो."

एकेक प्रिंट उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे राजांनी बरंच काम केलंय की."

मी कपाळावर हात मारला. अशा बापाचं करायचं काय, तूच सांग. मग मी काही हातचं न राखता सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा जाळून फायदा होणं कठीण आहे, दम वाढेल, आत्ता खाली फाटकापर्यंत जाता तेही बंद होईल.

"माहितीये," ते म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कोण कशाला पाहिजे? दम मला लागतो ना. दुसऱ्या खेपेपासूनच वाढलाय."

"मग हे राजांना का नाही सांगितलंत?"

"त्याला वाईट वाटलं असतं."

"आणि तरी संमतीवर सही केलीत? कशासाठी बाबा?"

त्यांनी प्रिंट एकावर एक रचले, कडा जुळवल्या. मग माझ्याकडे न बघता बोलले. जसं बोलले तसंच लिहिते. माझी भर एका शब्दाची नाही.

"पहिल्या खेपेला तो आदल्या संध्याकाळी आला. माझ्या खाटेवर, पायाशी बसला. पायावर हात ठेवून किती वेळ बोलत होता. लहानपणचं बोलला, तुझ्या आईबद्दल बोलला. दुसऱ्या खेपेला तर दोन दिवस हलला नाही. सकाळी माझी दाढी करून दिली त्याने, स्वतःच्या हाताने. मधल्या वर्षांत तो किती वेळा घरी आला, तू सांग मला. फोन केला की ती मुलगी म्हणते, सर प्रवासात आहेत. पेशंट झालो की तो येतो. आता एवढ्यासाठी थोडा दम लागला, तर लागू दे की."

ऐकलंस? ठोके ताळ्यावर यावेत म्हणून ते टेबलावर चढत नाहीत. तू पायाशी बसावंस म्हणून चढतात. त्यासाठी तुला हृदयाची भिंत जाळू देतात. आणि तू वरती ती संमती म्हणून मला ऐकवतोस.

मला काय वाटलं तेही सांगते. मत्सर वाटला. त्यांच्या गोळ्या मी देते, रक्त तपासायला मी नेते, नखं मी कापते, आणि दोनदा पायाशी बसलेला तू त्यांच्या तोंडातून उतरत नाहीस. मी प्रिंट तिथेच टाकून घरी आले. येताना गाडीत दोनदा चुकीचा गिअर टाकला. ते शेजारी असते तर ओरडले असते.

ताई


२३ फेब्रुवारी

राजे,

तुझ्या ज्युनिअरचा पुन्हा फोन आला होता. तिच्यावर डाफरू नकोस, तिला तुझी काळजी वाटते आहे, आता ती का वाटावी ते तिचं तिला माहीत. ती म्हणाली, सगळे गेल्यावर तू स्वतः तिच्या कॉम्प्युटरवर बसलास, बाबांची चित्रं उघडलीस, निरोगी तुकडा बदललास. मागची भिंत सोडून बाजूची घेतलीस. आकडा आला. तू तो बघत बसलास, मग स्क्रीन बंद केलीस आणि कोट घालून निघून गेलास. खोलीत ती आहे हेही तुझ्या लक्षात आलं नाही.

म्हणजे तुला कळलं. आणि कळल्यावरही तू भरती रद्द केली नाहीस. मी वाट पाहिली. परवाही पाहिली, कालही पाहिली. चुकणाऱ्या माणसाबद्दल मला इतका तिटकारा कधी वाटला नव्हता, जितका या तुझ्या गप्प बसण्याचा वाटला. एक फोन करायचा होता. "बाबा, नको करूया." बस्स. पण मग लोक विचारणार, का? मग पोस्टर उतरवायला लागणार. बापाचा दम गेला तरी चालेल, भिंतीवरचा बाप हसत राहिला पाहिजे.

म्हणून तो फोन तू केलास.

चक्रावू नकोस, नीट वाच. काल मी बाबांकडे गेले आणि सांगितलं की राजांचा फोन आला होता. त्यांनी माझी आणि त्यांची, दोन्ही ठिकाणची चित्रं स्वतः समोरासमोर ठेवून तपासली. त्यांच्याकडच्या रिपोर्टमध्ये चूक होती, ती त्यांनीच शोधून काढली. आता जाळायचं नाही म्हणाले, गोळ्यांवरच ठेवायचं. मी खोटं फार सफाईदार बोलते, हे मलाही नवीन होतं.

बाबांचा चेहरा पडला. तो का पडला ते तुला आता माहीत आहे. "म्हणजे शनिवारी जायचं नाही?" एवढंच विचारलं. तेव्हा मी पुढचं बोलले. ते मी घरून ठरवून नेलं नव्हतं. म्हटलं, "तुम्ही कशाला जाताय? तोच येतोय. चार दिवस राहणार आहे."

"कशाला?" ते म्हणाले. "मी तर पेशंट नाही आता."

"असंच. तुमच्यापाशी बसायला."

त्यांनी मला ते परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं. मग ते उठून दुसऱ्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी आत डोकावले नाही.

नंतर तुझ्या हॉस्पिटलला त्यांनीच फोन लावला. "भरती रद्द करा. कोणी सांगितलं म्हणजे? तुमच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय, माझ्या मुलाने!" ती बाई काहीतरी विचारत होती, यांनी तिचं ऐकून न घेता ठेवून दिला. त्यामुळे तो विषय संपला. संमती त्यांची होती, त्यांनीच मागे घेतली. इथल्या डॉक्टरांनी ठोक्यांची गती आवरणारी गोळी सुरू केली आहे, रक्त पातळ ठेवणारी चालू राहील. ठोके बेतालच राहतील, पण दम आणखी वाढायला तुझा हात लागणार नाही.

तुझ्याविषयी माझं मत बदललेलं नाही. तू आपमतलबी आहेस, भित्रा आहेस, आणि टाळ्या वाजवणारी माणसं जवळ ठेवून तू डोळ्यांनी अधू झाला आहेस. जो शहाणपणा तुला सुचला नाही तो मी तुझ्या नावावर जमा केला, तो तुझ्यावर माया आहे म्हणून नव्हे. त्यांना दुसऱ्या कोणाचा चालला नसता. माझा तर नाहीच. तू आलास तर मी हे खोटं शेवटपर्यंत निभावेन. शेजाऱ्यांना सांगेन, तुझ्या टीमलाही सांगेन, की आमच्या राजांनी स्वतःची चूक स्वतः धरली. नाही आलास तर त्यांना काय सांगायचं ते तू लिहून पाठव. मला आणखी खोटं बोलता येणार नाही.

येताना एकटा ये. फोटो काढणारा आणू नकोस. स्टेथोस्कोपही आणू नकोस, त्यांची छाती तपासायला इथे माणसं आहेत.

आज सकाळी गेले तर बाबा खाटा सरकवत होते. तुझी खाट त्यांना आपल्या खोलीत हवी होती. धाप लागली म्हणून मी ओरडले आणि दुसरी खाट मी ओढली. म्हटलं, एवढी घाई नको, शनिवारला वेळ आहे, आणि डॉक्टर लोकांचं काही सांगता येत नाही, ऐन वेळी पेशंट निघतो आणि उशीर होतो.

ते चादरीची सुरकुती हाताने काढत होते. म्हणाले, "डॉक्टर नाही येत अगं. मुलगा येतोय."

ताई